मेंटल ट्रेनिंग, महूचे साहेब आणि एअर पिस्तूल: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरमधून, आणि आता तर थेट देवासहून सुद्धा पालकांचे फोन येतात, आणि शूटिंगमधल्या मनाच्या तयारीबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. मी एअर पिस्तूल मारते, क्लब लेव्हलला, उगाच कोणाचा गैरसमज नको. माझ्याकडे कोचिंगचं सर्टिफिकेट नाही आणि सायकॉलॉजिस्ट तर मी अजिबातच नाहीये. एका माणसाकडून, महूच्या साहेबांकडून, जे शिकले ते सांगतेय, मधेमधे वाचलेलं पण आहे.

हे साहेब म्हणजे नक्की कोण?

नाव लिहिणार नाही, त्यांनीच नको म्हटलंय. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेत होते, सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि महूलाच घर बांधून राहिले. महू म्हणजे आता कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर, बाबासाहेबांचं जन्मगाव, इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटर. तिथे आर्मीचं मार्क्समनशिप युनिट आहे, शूटिंगवाले सगळे एएमयू म्हणतात, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला रॅपिड फायर पिस्तूलमध्ये सिल्व्हर मिळवणारा विजय कुमार तिथेच तयार झाला. साहेब काही कोणाचे कोच नव्हते. बरीच वर्षं रेंजवर ड्यूटी होती एवढंच, म्हणजे शूटर्सच्या मागे उभं राहून त्यांना बघणं. पण तुम्हीच विचार करा, चांगले चांगले लोक रोज तासन्‌तास काय करतात हे ज्याने मागून बघितलंय, आणि ज्याला त्या वेळात दुसरं काही कामच नव्हतं, त्याला काय काय दिसलं असेल. कोचला टार्गेट बघावं लागतं ना, साहेब माणूस बघायचे.

भेट कशी झाली?

काही फिल्मी नाही. एका ओपन कॉम्पिटिशनला ते नातवाला घेऊन आले होते. माझं डिटेल, म्हणजे माझ्या गटाची मारायची पाळी, संपलं, मी पिस्तूल पेटीत ठेवत होते आणि हे मागून आले आणि विचारलं, शेवटच्या सिरीजला (दहा शॉटची एक सिरीज) तू बूट का बघत होतीस? मी म्हटलं मी कुठे बूट बघत होते. तर म्हणाले, प्रत्येक शॉटनंतर आधी मॉनिटर बघायचीस, मग बूट, आणि पहिल्या सिरीजला असं नव्हतं, पहिल्या सिरीजला तू भिंतीवरचं घड्याळ बघायचीस. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी स्कोअर सांगायला लागले तर हात वर करून थांबवलं, "ते मशीन सांगतं गं पोरी. तुझ्या आत काय चाललं होतं ते सांग."

आणि मला सांगताच येईना. म्हणजे एक सबंध मॅच मारून आलेली बाई, तिला विचारलं की चाळिसाव्या शॉटच्या वेळी मनात काय होतं तर उत्तर नाही. माझ्या दृष्टीने ट्रेनिंग तिथून सुरू झालं. नंतर रविवारी राऊवरून महूला जायला लागले. तिथे पहिले कितीतरी रविवार पिस्तुलाला हात लावायला मिळाला नाही, नुसता चहा आणि प्रश्न.

मेंटल ट्रेनिंग म्हणजे मेडिटेशनच ना शेवटी?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. लोकांना वाटतं मन शांत करायचंय, मन कोरं करायचंय. साहेबांचं म्हणणं एकदम उलटं, मन शांत करायचा नाद सोडा, मनाला काम द्या. घरात सत्यनारायण असला की लहान पोराला "प्रसादाला हात लावू नको" म्हणून बसवता येत नाही, त्याच्या हातात दूर्वा निवडायला दिल्या की तेच पोर अर्धा तास मान वर करत नाही, तसलंच आहे हे. शॉटच्या त्या आठ-दहा सेकंदांत मनाकडे ठरलेलं काम असेल तर ते स्कोअरकडे, बाजूच्या लेनकडे, बाबा मागे बसलेत त्यांच्याकडे पळत नाही. किंवा पळतं, पण परत यायला जागा असते.

मेडिटेशन वाईट आहे असं नाही हां. मी स्वतः सकाळी थोडा वेळ श्वासावर बसते, त्याचा फायदा होतो. पण ते वेगळं आणि हे वेगळं. सकाळी शांत बसता येणारी माणसं मॅचमध्ये थरथरताना मी भरपूर बघितलीत.

पण एवढंसं पिस्तूल, त्यात मनाचं इतकं काय?

गणित सांगते. दहा मीटरवर टार्गेट, त्यातलं मधलं, दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. (रायफलवाल्यांचं तर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, त्यांचं त्यांना लखलाभ.) पिस्तूल एका हाताने धरायचं, दुसरा हात खिशात. आता पिस्तुलावर नेम धरायच्या दोन खुणा असतात, पुढची साइट आणि मागची साइट, त्यांच्यात साधारण तीस-बत्तीस सेंटिमीटर अंतर असतं, म्हणजे साइट एकमेकींच्या हिशोबाने एक मिलिमीटर जरी हलल्या तरी टार्गेटवर गोळी तीसेक मिलिमीटर सरकते. दहाच्या जागी थेट सात. म्हणून डोळ्याने टार्गेट बघायचंच नसतं, पुढची साइट कडक दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर. नवीन माणसाला हे पटतच नाही. जिथे मारायचंय तिकडे बघायचं नाही? नाही बघायचं. आणि मन घाबरलं की पहिलं काय करतं तर डोळ्याला टार्गेटकडे ओढतं, लागतंय ना बघू दे. ते बघू दे म्हटलं की सात.

हात कोणाचाच स्थिर नसतो, हे पण सांगून ठेवते. सगळ्यांचं पिस्तूल हलतं, चॅम्पियनचं सुद्धा, त्यांचं कमी हलतं आणि ते हलत असताना ट्रिगर दाबत राहतात. आपण हलायचं थांबायची वाट बघतो आणि "आत्ता!" म्हणून झटका देतो.

पाऊण तास, सव्वा तास सलग कॉन्सन्ट्रेशन कसं ठेवायचं?

ठेवायचंच नाही! हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

बघा, क्वालिफिकेशन म्हणजे ६० शॉट, ७५ मिनिटं. त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि साइटिंगची, म्हणजे नेम जुळवायच्या शॉटची. एका शॉटला, म्हणजे पिस्तूल वर जाण्यापासून ते शॉटनंतर हात तसाच धरून ठेवण्यापर्यंत, दहा सेकंद धरा. ६० गुणिले १० म्हणजे ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. सव्वा तासातली फक्त दहा मिनिटं पूर्ण लक्ष लागतं. उरलेली पासष्ट मिनिटं तुम्ही काय करता यावर मॅच आहे, आणि त्या पासष्ट मिनिटांचं ट्रेनिंग कोणीच करत नाही. सगळे त्या दहाचंच करतात.

कसोटीत दिवसभर बॅटिंग करणारा माणूस काय सहा तास डोळे वटारून उभा असतो? बॉल संपला की चालून येतो, ग्लव्हज काढतो घालतो, पिचवर दोन ठोके देतो, आणि बोलर पळायला लागला की परत आत. साहेबांनी माझ्याकडून हेच करून घेतलं. शॉट संपला की पिस्तूल टेबलावर टेकवायचं, खांदा सैल, नजर एका ठरलेल्या बिनकामाच्या जागी. माझी जागा म्हणजे टेबलाची डावी कड. तिथे बघताना काय वाट्टेल तो विचार आला तरी चालेल, घरी दूध उतू गेलं असेल का, छप्पन दुकानला आज कचोरी खायची का, काहीही. स्कोअरचा आला तरी येऊ दे, त्याच्याशी भांडायचं नाही. मग एक श्वास मोठा, आणि हात ग्रिपवर गेला की दुकान बंद, फक्त काम. ही आत-बाहेर करायची सवय लागायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, ट्रिगरपेक्षा पण जास्त. त्या पासष्ट मिनिटांत थकायचं नाही ही एक वेगळीच कला आहे, आणि लहान मुलांना ती मोठ्यांपेक्षा पटकन जमते कारण त्यांना मुळात इकडे तिकडे बघायचंच असतं.

तुमचं शॉटचं रुटीन काय आहे? मुलाला तेच शिकवू का?

माझं सांगते पण तेच शिकवू नका, प्रत्येकाचं आपलं आपलं असतं. ग्रिप पकडली की तळव्याचा खालचा भाग नीट बसलाय का बघते. टार्गेटच्या थोडं वर उचलते, श्वास आत. खाली आणताना श्वास अर्धा बाहेर आणि तिथेच थांबते. टार्गेटच्या काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्या भागात हात थांबतो, तेव्हा मनात एकच शब्द, "साइट". त्याच वेळी बोट दाबायला लागलेलं असतं, हळूहळू. शॉट सुटतो. सुटल्यावर पण साइट बघत राहते, मग मनात सांगायचं की शॉट कुठे गेला असेल, उजवीकडे नऊ, वर दहा, जे वाटेल ते, आणि त्यानंतरच मॉनिटर. हे आधी सांगून मग बघणं याला आमच्यात कॉल करणं म्हणतात. कॉल बरोबर यायला लागला की समजायचं माणूस शॉटच्या वेळी हजर होता.

दर वेळी तेच, त्याच क्रमाने. साहेब मागे उभे राहून मोबाइलवर वेळ लावायचे आणि एखाद्या शॉटला मी जास्त वेळ धरून ठेवलं की नुसतं खाकरायचे.

शॉट कॅन्सल करणं म्हणजे काय, त्याचं एवढं कौतुक का?

पिस्तूल वर नेलं, काहीतरी बरोबर वाटत नाहीये, तर न मारता खाली आणायचं. बस. ऐकायला सोपं आहे. पण एकदा हात वर गेला की आतून एक आवाज येतो की आता मारूनच टाक, होईल काहीतरी. आठ-दहा सेकंदांच्या पुढे धरून ठेवलं की डोळ्याला नीट दिसत नाही आणि हात जास्तच हलायला लागतो, तरी माणूस मारतो.

साहेब मुद्दाम कॅन्सलची प्रॅक्टिस घ्यायचे. मी ट्रिगर दाबत आणलेलं असताना मागून "खाली" म्हणायचे, आणि खाली आणायचंच. चिडचिड व्हायची. पण खरं सांगू का, अख्ख्या मेंटल ट्रेनिंगमधून मला एकच गोष्ट ठेवायची म्हटली तर मी ही ठेवेन. आता रागाचा मेसेज टाइप करून झाला की पाठवायच्या आधी माझा अंगठा आपोआप थांबतो, ते यातूनच आलंय, घरचे साक्षी आहेत.

मॅचच्या आधी छातीत धडधड होते, ती कशी थांबवायची?

थांबवायची कशाला? यर्क्स आणि डॉडसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच मांडलं होतं की थोडा ताण काम सुधारतो आणि फार झाला की बिघडवतो, म्हणजे ताण शून्य करण्यात काही हशील नाही. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचे २०१४ चे प्रयोग पण मजेशीर आहेत, लोकांना गाणं म्हणायला, भाषण द्यायला, गणितं सोडवायला लावलं, आणि ज्यांनी आधी "मी एक्साइटेड आहे" असं स्वतःला म्हटलं त्यांचं "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. शरीराला दोन्ही सारखंच, धडधड तीच.

साहेबांनी ब्रुक्सबाईंचं नाव पण ऐकलेलं नाही, ते म्हणतात, "इंजन गरम झालंय, चांगलंय, आता गाडी काढ." श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, याने थोडं उतरतं. खांदे आणि जबडा आवळून धरायचे आणि एकदम सोडायचे, ही जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरची जुनी पद्धत, १९२० च्या दशकातली. एवढं पुरतं. आणि सकाळी रिकाम्या पोटी दोन-दोन कडक चहा मारून रेंजवर येऊ नका. पोहे खा, वरचा जीरावण मसाला कमी घाला.

धडधड कमी करणारी गोळी मिळते म्हणे, ती दिली तर?

अजिबात नाही. बीटा ब्लॉकर शूटिंगमध्ये बंदी असलेली औषधं आहेत, मॅचच्या दिवशीच नाही तर एरवीसुद्धा. २००८ च्या बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सू या शूटरची दोन मेडल याच कारणाने काढून घेतली होती, टेस्टमध्ये प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर निघाला. आणि दुसऱ्याच्या मुलाला लिहून दिलेली गोळी आपल्या मुलाला देणारे पालक मला भेटलेत, म्हणून हा प्रश्न इथे ठेवलाय. डॉक्टरांनी खरंच कशासाठी दिली असेल तर ती बंद पण करू नका, फेडरेशनकडे रीतसर कागद करून विचारा.

मी मुलीला सारखं सांगतो की चूक करू नको, घाबरू नको, तरी ती करतेच.

काका, म्हणूनच करते! डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना सांगितलं होतं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. "ट्रिगर झटकू नको" म्हटलं की डोक्यात झटकाच येतो. त्याऐवजी "बोट हळू दाब" म्हणा. म्हणजे काय करायचं ते सांगा, काय नाही करायचं ते नको. साहेबांच्या घरी "नको" म्हटलं की पाच रुपये डब्यात टाकायचे असा नियम होता, डबा बऱ्यापैकी भरला आणि त्यातले निम्मे पैसे साहेबांचेच होते.

मोठ्या खेळाडूंचं असं होत नसेल ना?

होतं हो. मॅथ्यू एमन्स म्हणून अमेरिकन रायफल शूटर, २००४ अथेन्स, ५० मीटर थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) फायनल. शेवटचा शॉट बाकी, तीन गुणांनी पुढे, साधा ठीकठाक शॉट मारला असता तरी गोल्ड. त्याने मारला तो शेजारच्या लेनच्या टार्गेटवर. शून्य. पहिल्यावरून थेट आठवा. नंतर त्याने सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं, एरवी तो आधी टार्गेटवरचा नंबर बघून मग खाली यायचा, त्या दिवशी स्वतःला शांत करण्यातच इतका गुंतला होता की नंबर बघायचा राहिला. वर मी शांत करायचा नाद सोडा म्हटलं ना, त्याचं इतकं महागडं उदाहरण दुसरं नसेल. आणि हा काही कच्चा माणूस नाही, त्याच ऑलिम्पिकमध्ये प्रोनचं (नुसतं झोपून मारायच्या प्रकाराचं) गोल्ड त्याच्याकडे होतं. चार वर्षांनी बीजिंगला परत शेवटच्या शॉटला पुढे होता आणि ४.४ लागला.

त्याच बीजिंगला अभिनव बिंद्राचं दुसरं टोक बघा. शेवटच्या शॉटच्या आधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत, बिंद्राचा १०.८, हॅकिनेनचा ९.७. भारताचं पहिलं वैयक्तिक गोल्ड. आता बिंद्रा शांत होता का? मला नाही माहीत, पण त्याच्याकडे काम ठरलेलं होतं एवढं तर दिसतं.

आपल्या खरगोन जिल्ह्यातला रायफल शूटर ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर, कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे, पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझवाला, यांच्या मुलाखती मुलांना जरूर दाखवा. मेडलच्या फोटोपेक्षा बोलताना ते किती थांबून बोलतात ते दाखवा.

व्हिज्युअलायझेशन म्हणजे मेडल घेताना स्वतःला बघायचं ना?

ते स्वप्नरंजन. चांगलं वाटतं, करा, पण ते ट्रेनिंग नाही. डोळे मिटून एक शॉट पूर्ण मारायचा, आतल्या बाजूने, म्हणजे आपण आपल्याला टीव्हीवर बघतोय तसं नाही तर आपल्याच डोळ्यांनी साइट दिसतेय, ग्रिपचं लाकूड हाताला लागतंय, बोटाखाली ट्रिगरचं वजन (एअर पिस्तूलला कमीत कमी ५०० ग्रॅम असावं लागतं). खऱ्या वेळेतच मारायचा, फास्ट फॉरवर्ड नाही. आणि गडबड पण घालायची मधे, शेजारचा ओरडला, गोळी अडकली, मग मी काय करते. सुरुवातीला दोन शॉटच्या वर होत नाही, झोप येते. सिटी बसमध्ये होतं, मी तरी तिथेच करते.

गोंगाटात मुलाचं लक्ष उडतं. घरी शांतता ठेवावी का?

उलट करा. साहेब ड्राय प्रॅक्टिसला, म्हणजे गोळीशिवायच्या, मोबाइलवर वरातीतला बँड लावायचे, त्यावर वहिनींची कुकरची शिट्टी. फायनलला तर म्युझिक लावतातच आणि पब्लिक ओरडतं. एकदा रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, दिवशी राजवाड्याजवळ आत्याच्या माडीवर मी पांढऱ्या भिंतीसमोर होल्डिंग, म्हणजे नुसतं पिस्तूल रोखून धरणं, केलं होतं, खाली रंगाच्या मिसाइली सुटतायत, डीजे भिंत हलवतोय. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, रंग खेळायच्या दिवशी रंग खेळावा, वेडी आहेस का.

पालकांनी नक्की काय करायचं?

मागे बसून टार्गेटचा मॉनिटर बघणं बंद करा. मुलाला तुमचा चेहरा दिसतो, आठ लागला की तुमच्या कपाळावर काय होतं ते त्याला बरोबर कळतं. गाडीत बसल्या बसल्या "किती झाले?" विचारू नका. साहेब नातवाला मॅचनंतर तीन प्रश्न विचारतात, कुठला शॉट सगळ्यात मजेने मारलास, कधी मन पळालं, आणि परत कसं आणलंस. स्कोअर पोरगं स्वतःच सांगतं, त्याला राहवत नाही.

आणि इंदुरात एक खास रोग आहे, पाहुण्यांसमोर "हा आमचा ऑलिम्पिकवाला" म्हणून ओळख करून द्यायची. पोरगं बारा वर्षांचं असतं हो. त्याला अजून नक्की आवडतंय की नाही हे पण कळलेलं नसतं.

असा मेंटॉर आम्हाला कुठे मिळेल?

शोधून मिळत नाही असं म्हणायचा मोह होतो पण ते खरं नाही, शोधावंच लागतं. फक्त मोठं नाव शोधू नका. रेंजवर, आखाड्यात, टेबल टेनिस असेल तर अभय प्रशालमध्ये, रोज येऊन गप्प बसणारी वयस्कर माणसं असतात, त्यांच्याशी बोला. माझी पारख अशी आहे: तो माणूस पहिल्या भेटीत सल्ले देतोय की प्रश्न विचारतोय. आणि दुसरं, त्याच्याकडे गेलेला कोणी त्याला सोडून पुढे गेलाय का. ज्याचे सगळे शिष्य कायम शिष्यच राहतात तिथून सरळ घरी या. साहेबांनी स्वतःहून सांगितलं होतं की टेक्निकसाठी माझ्याकडे येऊ नकोस, कोचकडे जा, माझं काम वेगळं.

ऑनलाइन माइंड कोच भरपूर आहेत, हजारो रुपयांचे कोर्स. घ्यावा का?

काही चांगले आहेत. पॅडी अप्टनसारखी माणसं खरं काम करतात, २०११ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या क्रिकेट टीमबरोबर होते, २०२४ ला गुकेश बुद्धिबळाचा वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा त्याच्याबरोबर पण. पण "एकवीस दिवसांत अटळ आत्मविश्वास" लिहिलेलं दिसलं की पुढे सरका. आत्मविश्वास कोर्समधून येतो यावर माझा विश्वास नाही, डायरी भरली की येतो, आणि डायरी तीस रुपयांत मिळते.

साहेबांचं सगळंच पटतं का तुम्हाला?

नाही. त्यांना वाटतं मनाचं सगळं प्रॅक्टिसने होतं आणि सायकॉलॉजिस्ट वगैरे शहरी फॅड आहे. इथे आमचं जमत नाही, कडाक्याचं भांडण पण झालंय. मूल आठवडे झोपत नाहीये, खात नाहीये, रेंजवर यायच्या नावाने रडतंय, जगायचं नाही असलं काही बोलतंय, तर ते रुटीनने नीट व्हायचं काम नाही, डॉक्टरला दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे. साहेब हे वाचतील तर वाचू देत.

शूटिंग सोडून दुसऱ्या कशाला याचा उपयोग होतो का? मुलीची एमपीपीएससी (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची परीक्षा) आहे.

होतो. पेपर तीन तासांचा असला तरी लक्ष तुकड्यातुकड्यांनीच लागतं, प्रश्न संपला की पेन खाली, नजर एका ठरलेल्या जागी, मग पुढचा. उत्तर येत नसेल तर कॅन्सल, पुढे. इंटरव्ह्यूला खोलीत शिरायच्या आधी श्वास लांब सोडायचा. बाकी अभ्यास तिलाच करावा लागेल.

डायरीत काय लिहायचं आणि कुठली घ्यायची?

कुठलीही, पण ॲप नको, वहीच. स्कोअर शेवटच्या पानावर, पुढे नाही. रोज तीन ओळी: आज काय जमलं, कधी मन पळालं, उद्या एकच कुठली गोष्ट करणार. वाईट दिवशी लांबलचक निबंध लिहू नका, तीन म्हणजे तीन. शंभर पानी घ्या, दोनशे पानी वही कोणी पूर्ण केलेली मी अजून बघितली नाहीये. आणि आईबाबांनी ती चोरून वाचायची नाही, वाचली तर कळतं, नातवाने साहेबांना बरोबर पकडलं होतं.